बुजलेल्या राखणदाराला पुन्हा धीर कसा द्यावा?

(शेतकी विभाग)



गळीत हंगाम सुरू झाला की पाणंदीतून रात्रंदिवस वाहतूक चालू होते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, त्यांच्या मागेपुढे टायरगाड्या. या धांदलीत वस्तीवरचे एखादे कुत्रे चाकाखाली येता येता वाचते. कातडे सोलवटते, पाय मुरगळतो, पंधरा-वीस दिवसांत जखम भरूनही येते. पण कुत्रे काही पहिल्यासारखे होत नाही. ट्रॅक्टरचा आवाज लांबून आला तरी उसात पळते. अंगणात येत नाही, भाकरी टाकली तरी हुंगून सोडून देते. मालक म्हणतो, "जखम तर बरी झाली, मग याला झालंय काय?"

शेतकी खात्याने उसाचे सोडून कुत्र्याचे काय मांडले, असेही कोणी म्हणेल. पण रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जाताना पुढे कोण चालते? रानडुकरे उसात शिरली की पहिली वर्दी कोण देते? ही राखण बसली की नुकसान आपलेच. शिवाय भेदरलेले कुत्रे पळताना रस्त्यावर येऊन पुन्हा वाहनाखाली सापडते, किंवा कोपऱ्यात अडकले की पोरांना चावते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

भीती म्हणजे नाटक नव्हे

पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे नाव पुष्कळांनी शाळेत ऐकले असेल. पचनक्रियेच्या अभ्यासाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ठरावीक खुणेपाठोपाठ खाणे मिळत गेले, की पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राड शहरात (आजचे सेंट पीटर्सबर्ग) नेवा नदीचा मोठा पूर आला. प्रयोगशाळेच्या कुत्र्यांच्या खोल्या आवारात वेगळ्या होत्या. तिथे पाणी शिरले आणि कुत्र्यांना वादळात, पाण्यातून पोहवत बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, पण त्यांतल्या काहींचे शिकलेले सगळे जणू पुसून गेले. एक कुत्रे तर प्रयोगाच्या खोलीत समोर ठेवलेले खाणेही घेईना.

मग ते सुधारले कसे? एरवी प्रयोग करणारा माणूस खोलीबाहेर बसत असे. तो आत येऊन कुत्र्याजवळ बसू लागला. नुसता बसला, आणि कुत्रे खाऊ लागले, जुन्या खुणा ओळखू लागले. तो उठून गेला की सुरुवातीला पुन्हा बिघडे. अशा सोबतीतूनच ते हळूहळू मार्गावर आले. पुढे एकदा दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडून पाहिली, तर तेवढ्यानेच ते पुन्हा बिथरले. म्हणजे भीती गेल्यासारखी दिसली तरी आत दबून राहते, आणि ओळखीची खूण मिळाली की वर येते.

त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी एका लहान मुलाच्या भीतीवरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा सशाला भ्यायचा. त्याला आवडीचे खाणे द्यायचे आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मग रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी ते पोर सशाशी खेळू लागले. या दोन गोष्टींतून धडा एकच निघतो. भरवशाच्या माणसाची शांत सोबत हवी, आणि भीतीची वस्तू कुत्र्याला सोसेल एवढीच, टप्प्याटप्प्याने पुढे आणायला हवी.

आधी अंग, मग मन

धडे सुरू करण्याआधी दुखणे नाही याची खात्री करा. लंगडणे, पोट फुगणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लघवी न होणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. नुकतेच अपघात झालेले कुत्रे उचलायचे तर फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर घ्या. वेदनेत ते मालकालाही चावते. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. आणखी एक, घरातल्या माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. त्या त्याच्या जिवावर बेतू शकतात.

पहिले तीन-चार दिवस त्याला निवांत जागा द्या. रस्त्यापासून आतल्या बाजूला, गोठ्याच्या कडेला गोणपाट आणि पाणी ठेवा. पोरांची गर्दी होऊ देऊ नका. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री बाहेर बांधू नका, आतच घ्या. घरातले एकच माणूस, ज्याच्यावर त्याचा जीव आहे, सकाळ-संध्याकाळ जवळ जाऊन बसावे. त्याने हाका मारू नयेत, ओढू नये. कुत्रे आपण होऊन जवळ आले तर पाठीवरून हात फिरवावा. लाड केल्याने भीती वाढते ही समजूत खरी नाही. भीती वाढते ती आरडाओरडीने आणि जबरदस्तीने.

टप्प्याटप्प्याने धडे

मोजमाप एकच लक्षात ठेवा: कुत्रे घास खाते की नाही. खात असेल तर त्याला सोसते आहे. घास सोडला, शेपूट पोटाखाली गेली, कान मागे पडले, ऊन नसताना धापा टाकू लागले किंवा उगाच जांभया देऊ लागले, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरा.

१) उभा ट्रॅक्टर, इंजिन बंद. जिथून कुत्र्याला तो दिसतो पण घास सुटत नाही, तेवढ्या लांब बसा. मग ते अंतर पन्नास पावले असो की शंभर. ट्रॅक्टरकडे त्याची नजर गेली की लगेच भाकरीचा तुकडा द्या. आधी ट्रॅक्टर, मग घास, हा क्रम उलटा करू नका.

२) दोन-तीन दिवस सोसले की चार-पाच पावले पुढे सरका. पाच मिनिटे पुरेत, दिवसातून दोनदा. कुत्रे बिथरण्याची वाट न पाहता, खुशीत असतानाच थांबा.

३) ट्रॅक्टरजवळ खाऊ लागले की पुन्हा लांब जा आणि इंजिन चालू करायला सांगा. इथे आवाज नवा असतो, म्हणून अंतर पहिल्यापासून मोजायचे.

४) मग मोकळा ट्रॅक्टर संथ चालवा, नंतर ट्रेलर जोडून, आणि सर्वांत शेवटी भरलेला. एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

५) एखाद्या दिवशी बिघडले तर रागावू नका. दोन टप्पे मागे या.

साखळीने ट्रॅक्टरलाच बांधून ठेवायचे, "होईल आपोआप सवय" म्हणायचे, हा उपाय आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो. त्याने सवय होत नाही. कुत्रे एक तर चावरे होते, नाही तर गप्प पडून राहते आणि आपल्याला वाटते सुधारले. काही कुत्र्यांना तीन आठवडे लागतात, काहींना चार महिने. महिनाभरात काहीच फरक दिसला नाही, किंवा ते अंगावर येऊ लागले, तर पशुवैद्यांना दाखवा.

धीट म्हणजे बेफिकीर नव्हे

आपल्याला कुत्रे ट्रॅक्टरपुढे नाचणारे करायचे नाही. भीती कमी होत आली की त्याला एक जागा शिकवा. ट्रॅक्टरचा आवाज आला की "जागेवर" म्हणायचे, गोणपाटापर्यंत न्यायचे आणि तिथेच घास द्यायचा. काही दिवसांनी नुसत्या आवाजाने ते स्वतःहून जागेवर जाते. तेवढे झाले की काम झाले.

हंगाम संपला, पावसाळा गेला, पाणंद चार-पाच महिने शांत राहिली, की जुनी भीती पुन्हा डोके काढू शकते. पाण्याच्या बारीक धारेची गोष्ट आठवा. म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी आठ दिवस हेच धडे एकदा उजळून घ्या. दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो.

बैलाचेही तसेच आहे. गाडी चारीत कलंडली की बैल जुवाला मान देत नाही. पराणीने टोचून तो गाडी ओढेल, पण पुढच्या उतारावर पुन्हा बुजेल आणि गाडीवानाचा जीव धोक्यात घालेल. आधी डॉक्टरांकडून खांदा आणि खूर तपासून घ्या. नंतर शांत जोडीदाराबरोबर नुसते जू, मग मोकळी गाडी सपाट रस्त्यावर, मग थोड्याच मोळ्या, आणि शेवटी तो उतार. चार दिवसांचे भाडे बुडेल, पण बैल हाती राहील.

"आता याचा उपयोग नाही" म्हणून जखमी कुत्र्याला ट्रॉलीत घालून बाजारच्या गावी सोडून येणारेही काही आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याने दहा वर्षे आपल्या उसाची राखण केली त्याला महिनाभर रोज दहा मिनिटे देणे हे काही फार नाही.

शेवटी वाहनमालकांना आणि चालकांना विनंती. दुपारच्या वेळी कुत्री ट्रेलरच्या सावलीला चाकाशीच झोपतात. गाडी हलवण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, भोंगा वाजवा, दहा अंक मोजा आणि मगच गिअर टाका. तिथे कुत्रेच असेल असे नाही, टोळीतले एखादे लेकरूही निजलेले असू शकते.