वारा पडल्यावर

सौरऊर्जा आणि पवनऊर्जा यांविषयी आज पुष्कळ लिहिले जाते. परंतु सूर्य मावळल्यावर किंवा वारा पडल्यावर काय करावयाचे, याचा विचार त्यामानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न आपल्याच राज्यातील उदाहरणांवरून समजून घ्यावयाचा आहे.

वीज ही कणगीतल्या धान्यासारखी नाही. बॅटरीत ती थोडीफार साठविता येते. पण एरवी ज्या क्षणी जेवढी लागते, त्याच क्षणी तेवढी निर्माण व्हावी लागते. हा मेळ फार बिघडला तर वीजपुरवठ्याचे सारे जाळेच कोलमडू शकते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोराने फिरतात, एरवी मंदावतात. सौर वीज तर नेमकी दिवेलागणीला, म्हणजे मागणी वाढते तेव्हाच संपते. अशा वेळी कोळशाचा थंड संच तापून सुरू होण्यास कित्येक तास लागतात. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत भार उचलतो.

त्याच पठाराखाली कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. कोयना प्रकल्पाचा चौथा टप्पा १००० मेगावॉटचा असून तो मुख्यतः वाढत्या मागणीच्या वेळेसाठीच उभारला गेला. परंतु वीज करून पश्चिमेला सोडलेले हे पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, ते परत येत नाही. शिवाय पाणीतंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे.

यावर एक उपाय २००८ साली सुरू झालेल्या २५० मेगावॉटच्या घाटघर प्रकल्पात दिसतो. तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक व पायथ्याशी दुसरे धरण आहे. वीज मुबलक असताना खालचे पाणी वर चढवितात आणि गरज पडताच ते खाली सोडून वीज मिळवितात. या उलाढालीत सुमारे पाव हिस्सा ऊर्जा खर्ची पडते. पाणी मात्र तेच पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

तात्पर्य, ऊन आणि वारा फुकट असले तरी त्यांना लागणारा आधार फुकट नाही. कोयनेच्या पाण्याखाली अनेक गावे गेली. त्यांतील कित्येक कुटुंबांना पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले. म्हणून उद्याच्या विजेचा हिशेब मांडताना युनिट केवढ्याला पडले, एवढेच विचारून भागणार नाही. वारा पडेल तेव्हा भार कोण उचलणार आणि त्यासाठी कोणाची जमीन जाणार, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल.