संदर्भ देणे ही एक अमानत

महाविद्यालयात शिकणारी आपली मुले शोधनिबंध लिहितात. इस्लामविषयी लिहिताना ‘हदीसमध्ये आले आहे’ एवढे लिहून ती पुढे जातात. त्यावर परीक्षक विचारतात, कोठे आले आहे? हा प्रश्न आक्षेप समजू नका. हदीसवेत्त्यांनी हाच प्रश्न शतकानुशतके विचारला आहे.

अविश्वसनीय माणसाने आणलेल्या वार्तेची शहानिशा करावी, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अल-हुजुरात, 49:6). प्रेषितांच्या (स.) नावावर जाणूनबुजून असत्य सांगणाऱ्यास नरकाग्नीचा इशारा आहे (सहीह बुखारी, किताबुल इल्म, हदीस क्र. 110). वरील दोन्ही विधानांत संदर्भ कसा दिला आहे, ते पाहा. विधान संपताच, पूर्णविरामापूर्वी, कंसात मूळ स्थान सांगितले आहे.

ही रीत आपल्याला परकी नाही. इमाम बगवी (रह.) यांच्या ‘मसाबीहुस्सुन्नह’ या संग्रहात प्रत्येक हदीसचा मूळ ग्रंथ नमूद नव्हता. ही उणीव खतीब तबरेजी (रह.) यांनी भरून काढली आणि हिजरी 737 मध्ये ‘मिश्कातुल मसाबीह’ पूर्ण केला. त्यांनी हदीसच्या आरंभी सहाबींचे नाव दिले व शेवटी मूळ ग्रंथाचे. ‘मुत्तफक अलैह’ या दोन शब्दांतून वाचकास कळते की, ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोहोंत आहे.

निबंध लिहिताना चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, कुरआनसाठी सूरह व आयत क्रमांक लिहावा. शब्दशः भाषांतर घेतल्यास भाषांतरकाराचेही नाव द्यावे. दुसरी, हदीससाठी ग्रंथ, प्रकरण व क्रमांक द्यावा. आवृत्तीनुसार क्रमांक बदलतात, म्हणून प्रकरणाचे नाव गाळू नये. तिसरी, आधुनिक ग्रंथासाठी लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठ द्यावे. विचार आपल्या शब्दांत मांडला तरी श्रेय मूळ लेखकाचेच. चौथी, मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्या पुस्तकातून उतारा घेतला असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. न वाचलेला ग्रंथ वाचल्याचा आव आणणे हेही असत्यच.

केवळ प्रसिद्धी हा पुरावा नव्हे. ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याविषयीचे वचन घरोघरी सांगितले जाते, परंतु इब्नुल जौझी (रह.) यांनी ते बनावट हदीसींच्या संग्रहात नोंदवले आहे. मोबाइलवर आलेला संदेश पुढे पाठवतानाही म्हणूनच थांबावे. संदर्भ सापडेपर्यंत मौन बाळगणे, हीसुद्धा दीनची सेवा आहे.

अल्लाह आपणा सर्वांस सत्य बोलण्याची व सत्य लिहिण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.