पतीचे करऋण आणि पत्नीची मालमत्ता

थकलेला कर हे एका परीने ऋणच होय. परंतु सावकाराच्या ऋणाहून ते वेगळे असते. सावकाराला वसुलीसाठी आधी न्यायालयात जावे लागते. आयकर खात्याचा करवसुली अधिकारी मात्र स्वतःच मालमत्तेवर जप्ती आणू शकतो. म्हणून पतीच्या थकबाकीची नोटीस घरी येते, तेव्हा पत्नीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : हे देणे माझे आहे काय?

भारतीय कायद्याचे मूळ उत्तर ‘नाही’ असे आहे. आपल्याकडे पती आणि पत्नी हे दोन स्वतंत्र करदाते मानले जातात. अमेरिकेत पतिपत्नींना संयुक्त विवरणपत्र भरता येते आणि त्यावर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांपैकी प्रत्येकावर येते. एकाने दडविलेल्या उत्पन्नापायी दुसऱ्याची होरपळ होऊ नये, म्हणून तेथे १९७१ साली निर्दोष जोडीदाराला सूट देणारी तरतूद करण्यात आली. १९९८ साली ती अधिक व्यापक झाली. भारतात संयुक्त विवरणपत्र नाही, म्हणून अशा सुटीचे वेगळे कलमही नाही. तथापि यावरून पत्नी सर्वस्वी निर्धास्त आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. विवाहामुळे जे देणे तिच्यावर येत नाही, ते मालमत्तेच्या किंवा सहीच्या वाटेने येऊ शकते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दिल्लीतील पहाडगंज हा नवी दिल्ली रेल्वे स्थानकालगतचा भाग; नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांमुळे तो मराठी माणसाच्याही परिचयाचा आहे. तेथील मुख्य बाजारात लहान लहान हॉटेले दाटीने उभी आहेत. अशाच एका हॉटेलच्या मालकाने आयकर थकविला असून त्याच्या पत्नीच्या नावावर एक घर, काही दागिने आणि बँकेतील ठेव आहे, असे समजू. यांपैकी काय वाचेल, हे त्या त्या वस्तूचे मूळ कोठे आहे यावर अवलंबून राहील.

घर पतीने पुरेसा मोबदला न घेता तिच्या नावे केले असेल, तर वसुलीपुरते ते पतीचेच मानले जाते. १ जून १९७३ पासून झालेल्या हस्तांतरांना हा नियम लागू होतो. पतीने दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते आणि त्या भागावरील कर, मागणीची नोटीस बजावल्यावर, पत्नीकडूनही घेता येतो. उलट, ठेव तिच्या स्वतःच्या पगारातून साठलेली असेल, तर ती तिचीच. माहेरहून मिळालेले दागिने हे स्त्रीधन होय आणि त्यावर पत्नीची पूर्ण मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली स्पष्ट केले आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांवर तर जप्ती येतच नाही.

सहीची वाट अधिक फसवी आहे. पतीच्या आग्रहाखातर पत्नी भागीदार झाली, तर भागीदारी संस्थेच्या त्या काळातील कराची जबाबदारी तिच्यावरही येते. खासगी कंपनीची ती नुसती नावाची संचालक असली आणि कंपनीकडून कर वसूल होऊ शकला नाही, तरी तिला जबाबदार धरता येते. मात्र ही वसुली आपल्या घोर हयगयीमुळे, गैरकृत्यामुळे किंवा कर्तव्यभंगामुळे थांबलेली नाही, असे तिने सिद्ध केल्यास ती मोकळी होते. निर्दोष जोडीदाराच्या सुटीशी भारतीय कायद्यातील जवळचे नाते आहे ते या तरतुदीचे.

जप्ती आल्यास पत्नीने करवसुली अधिकाऱ्यापुढे हरकत नोंदवावी. थकबाकी भरण्याची नोटीस बजावली गेली त्या दिवशी घर आपल्या हक्काचे किंवा ताब्यातील होते, याचा पुरावा तिला द्यावा लागतो. मुद्दाम लांबविलेली हरकत ऐकली जात नाही. निर्णय विरुद्ध गेल्यास दिवाणी दावा करता येतो. नागपूरच्या करवसुली अधिकाऱ्याच्या अपिलात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कर बुडविण्यासाठी केलेले म्हणून एखादे हस्तांतर रद्दबातल ठरविण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला नाही. त्यासाठी सरकारनेच दिवाणी न्यायालयात गेले पाहिजे.

पतीच्या निधनानंतरही मर्यादा आहे. वारस म्हणून पत्नीची जबाबदारी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते. परंतु कर बाकी असताना तिने ती मालमत्ता विकली, तर तेवढ्या किमतीपुरती ती स्वतः देणेकरी ठरते.

हे नियम १९६१ च्या आयकर अधिनियमात घडले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या अधिनियमाने त्याची जागा घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही तत्त्वे मुख्यतः तीच आहेत. सारांश, पत्नीचे खरे संरक्षण कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. खरेदीखत, बँकेचे खातेपुस्तक, दागिन्यांच्या पावत्या आणि वेगळे विवरणपत्र हीच तिची ढाल होय. आणि ती नोटीस येण्यापूर्वीच हाताशी असली पाहिजे.