पिल्लू आणण्याआधी ऐक

बाळा, रॉटवायलरचं पिल्लू तुझ्या मनात भरलंय असं तुझी आई म्हणत होती. मी मोडता घालत नाही. पण आपल्या रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या घरात ते कुत्रं वाढवायचं असेल, तर या म्हातारीचे चार शब्द ऐकून घे.

ऐकीव बंदीवर विसंबू नकोस. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुपालन खात्याने सगळ्या राज्यांना पत्र धाडलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, घरात आधीपासून असतील त्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवलं. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यांचं म्हणणं आधी ऐकलंच नव्हतं. तेव्हापासून निम्मे लोक सांगतात बंदी आहे, निम्मे सांगतात उठली. त्यात शहरागणिक नियम निराळे. गाझियाबादने 2022 मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला मनाई केली. म्हणून पैसे मोजण्याआधी स्वतः नगर निगमात जा. आज काय नियम आहे, नोंदणी कशी करायची, ते लेखी विचार आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे.

जात कुठलीही असो, जबाबदारी तुझी. जुलै 2024 मध्ये आपल्याच रायपुरात, अनुपम नगरात, सामान पोचवायला आलेल्या माणसावर दोन पिटबुल तुटून पडले. मालकाला पोलिसांनी धरलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघून ठेव. पाळलेल्या जनावराच्या बाबतीत हयगय केली आणि त्यापायी माणसाच्या जिवाला धोका झाला, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कलमात जातींची यादी नाही. गल्लीतून उचलून आणलेल्या मोत्यालाही ते तितकंच लागू.

आधी फाटक, मग पिल्लू. आपल्याकडे दार उघडलं की पायरी, आणि पायरी उतरली की रस्ता. दूधवाला, गॅसवाला, पार्सलवाला सगळे त्याच पायरीवर उभे राहतात. पायरीच्या आत कमरेच्या वर येईल असं दुसरं जाळीचं दार बसव. कडी खाली लावू नकोस, वर लाव. नाकाने ढकलून खालची कडी उघडायला कुत्र्याला चार दिवस पुरतात. बाहेरचं दार उघडताना आतलं बंदच असलं पाहिजे, हे घरातल्या पोराटोरांनाही शिकव.

पट्टा कोणाच्या हातात, ते ठरव. वाढलेला नर पन्नास किलोच्या घरात जातो. तू ऑफिसात गेलास की त्याला बाहेर नेणार कोण? गुडघे धरून चालणारी तुझी आई? मांजर दिसल्यावर त्याने एक हिसका दिला, तर ती तोंडावर पडेल. ज्याला ते ओढून नेऊ शकतं, त्याच्या हाती पट्टा द्यायचा नाही. संध्याकाळी बूढा तलावावर गर्दी असते, तेव्हा पट्टा आखूड धर आणि तोंडाला मझल लाव. पहाटे नेलंस तर सगळ्यात बरं.

पिल्लू घेताना घाई नको. 2 महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. नोंदणी असलेल्या ब्रीडरकडूनच घे आणि त्याची आई दाखव म्हणून हट्ट धर. आई अंगावर येत असेल, तर तसाच परत ये. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. लसीचं कार्ड घराच्या कागदांबरोबर ठेव.

दात लागलाच, तर. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धू आणि ज्याला चावलं त्याला त्याच दिवशी मेकाहारा रुग्णालयात ने. खर्च तू कर. शेजाऱ्याशी वाद घालत बसू नकोस.

आणि शेवटचं. बंदीच्या धाकाने किंवा कंटाळा आला म्हणून कुत्रं रस्त्यावर सोडणं, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. हे कुत्रं नऊ-दहा वर्षं जगतं. उद्या तुझी बदली पुण्याला झाली तर ते कोणाकडे राहील? त्या माणसाला आत्ताच विचार. तो हो म्हणाला, तरच ब्रीडरला फोन कर.