यात्रेची तयारी, लस आणि तवक्कुल



हज वा उमराहचा निश्चय झाला की घरोघरी तयारी सुरू होते. कर्ज फेडले जाते, आप्तांची क्षमा मागितली जाते, इहरामची वस्त्रे आणली जातात. देहाच्या तयारीकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. हिवरा आश्रम असो वा मेहकर, लस टोचून घेण्याची वेळ आली की एखादे वडीलधारे म्हणतात, “मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, मग सुई कशाला?” या वाक्याचा पूर्वार्ध ईमानाचा आहे; उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही.

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता सरग येथे त्यांना तिकडे प्लेग पसरल्याचे कळले. त्यांनी विचारविनिमय करून परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) शिकवण सांगितली : साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नये आणि आपल्या प्रदेशात साथ आली तर तेथून पळून जाऊ नये. म्हणजे सावधगिरी हा तवक्कुलचाच भाग ठरतो.

आता हजच्या लसीचा विचार करा. १९८७ च्या हजमध्ये मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची, मोठी साथ आली. २००० साली त्याच जंतूचा वेगळा प्रकार पसरला आणि हाजींच्या घरी राहिलेली माणसेही अनेक देशांत आजारी पडली. कारण हा जंतू निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या घशातही राहू शकतो. परतलेल्या आजोबांच्या मांडीवर नातू बसतो, त्याला धोका पोहोचू शकतो. म्हणून चार प्रकारांवरील लस सौदी अरबने बंधनकारक केली. ती तेथे पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी. लसीच्या प्रकारानुसार प्रमाणपत्र ३ किंवा ५ वर्षे चालते. लस न घेता प्रमाणपत्र मिळवणे हे असत्य तर आहेच, शिवाय सहयात्रेकरूंच्या हक्कावर घाला आहे. इतरांना इजा पोहोचवू नये, ही दीनची मूलभूत शिकवण विसरून इबादत कशी पूर्ण होईल?

भारतातून निघणाऱ्या हजयात्रेकरूंना पोलिओचे थेंबही दिले जातात. वृद्ध, मधुमेही व हृदयरोगी यांनी फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सुट्टीत आफ्रिका वा दक्षिण अमेरिकेकडे जाणाऱ्या कुटुंबांना काही देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती अधिकृत केंद्रावरच, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी.

विदर्भातील माणसाला उन्हाची सवय असते; त्याच भ्रमात राहू नये. २०२४ च्या हजमध्ये मक्केचे तापमान ५० अंशांवर गेले आणि १,३०१ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील सुमारे ८३ टक्के विनापरवाना यात्रेकरू होते, असे सौदी अधिकाऱ्यांनी सांगितले. उन्हात, निवाऱ्याविना ते लांबवर चालले होते. रमीच्या वेळी प्रेषितांवर (स.) उन्हापासून बचावासाठी कापडाची सावली धरण्यात आली होती, असे हदीसमध्ये येते. मग छत्री घेण्यात संकोच कसला? तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. नेहमीची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवा. हात साबणाने धुवा. मुंडनासाठी नवीन पाते वापरण्याचा आग्रह धरा. एकाच वस्तऱ्यातून कावीळ पसरू शकते. उंटांची जवळीक व त्यांचे कच्चे दूध टाळा. परतल्यावर ताप, तीव्र डोकेदुखी वा मान आखडणे जाणवल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जा आणि प्रवासाची माहिती द्या.

हज सामर्थ्य असणाऱ्यावरच फर्ज आहे, आणि शरीराची क्षमता हाही त्या सामर्थ्याचाच भाग आहे. हा देह अल्लाहची अमानत आहे. ती जपणे हे कर्तव्य मानून लस टोचून घ्या, आणि मग निश्चिंत मनाने अल्लाहवर भरवसा ठेवा. अल्लाह आपणा सर्वांची यात्रा स्वीकारो व घरी सुखरूप परत आणो. आमीन.