गणिताच्या पॉडकास्टवर दुकानदार: पाहुणा म्हणून जाताना काय घेऊन जायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी ओझरतं सांगितलं, की गणित कसं शिकवावं या विषयावरच्या एका मराठी पॉडकास्टवर मी पाहुणा म्हणून जाऊन आलो. त्यानंतर बॅचमधल्या बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "सर, तुमचं तिथे काय काम?"

प्रश्न बरोबर आहे. मी शाळेतला शिक्षक नाही. कोलशेतला माझं स्टेशनरी आणि भेटवस्तूंचं दुकान आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी तुमच्यासारख्या नवीन उद्योजकांना हिशोब शिकवतो, एवढंच. पण त्या पाऊण तासात मला दोन गोष्टी नीट कळल्या. एक म्हणजे टक्केवारीत आपण नेमके कुठे फसतो. दुसरी म्हणजे पाहुणा म्हणून बोलावलं तर आपण काय घेऊन जायचं. आजचा धडा या दोन्हींवर आहे. वही-पेन घेऊन बसा.

आमंत्रण आलं आणि मी यादी केली

खरं सांगतो, फोन आला तेव्हा पहिला विचार जाहिरातीचाच आला. फुकटात हजारो लोक ऐकणार! मी लगेच यादी केली. दुकानाचा पत्ता, नवीन बॅचची तारीख, श्रोत्यांसाठी खास सूट. आईने यादी वाचली आणि म्हणाली, "यात गणित कुठंय रे?"

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम चालवणाऱ्या ताईंशी पुन्हा बोलणं झालं. त्या स्वतः गणिताच्या शिक्षिका. ऐकणारे बहुतेक प्राथमिक शाळेतले शिक्षक आणि पालक. त्यांनी एकच मागणी केली: "दुकानात तुमचा चुकलेला एखादा हिशोब सांगा. बरोबर आलेले हिशोब आम्ही रोजच फळ्यावर लिहितो."

त्या रात्री झोप नीट लागली नाही. मी बीबीए झालेला माणूस. लोक मला फी देतात ते हिशोब शिकवण्यासाठी. सगळ्यांसमोर सांगायचं, की मीच टक्केवारीत आपटलो होतो? उद्या बॅचला कोण येईल? पण दुसरं काही सांगितलं असतं तर ते खोटं वाटलं असतं. म्हणून तीच गोष्ट घेऊन गेलो. तुम्हाला आजवर सांगितली नव्हती, ती आता सांगतो.

४० चढवले, ३० सोडले, १० कुठे गेले?

दुकानाचं पहिलं वर्ष. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी एका बचत गटाकडून कापडी दप्तरं शिवून घेतली. एक दप्तर मला २०० रुपयांना पडलं. एकूण १४० दप्तरं, म्हणजे २८,००० रुपये. यातली बरीचशी रक्कम आईच्या भिशीची होती.

मी मनात हिशोब केला: खरेदीवर ४० टक्के चढवू, मग शाळा उघडताना ३० टक्के सूट देऊ. ४० वजा ३०, राहिले १० टक्के. दर दप्तरामागे २० रुपये सुटतील. बाहेर मोठा बोर्ड लावला. आठवड्याभरात माल संपला. मी खूश!

महिनाअखेरीस गल्ला मोजला तर पैसे कमी. आधी वाटलं, कुणीतरी हात मारला. दुकानात मदतीला एक मुलगी होती. तिच्याकडे मी संशयाने पाहिलं, हे सांगताना आजही लाज वाटते. मग रात्री बसून एकाच दप्तराचा हिशोब मांडला:

- खरेदी २०० रुपये.
- ४० टक्के चढवले: २०० चे ४० टक्के म्हणजे ८०. चिठ्ठीवरची किंमत २८०.
- ३० टक्के सूट: २८० चे ३० टक्के म्हणजे ८४.
- हातात आले १९६.

म्हणजे २० रुपये नफा सोडाच, दर दप्तरामागे ४ रुपये खिशातून गेले. १४० दप्तरांवर नफा धरला होता २,८०० रुपये, झाला तोटा ५६० रुपये. फरक ३,३६० रुपयांचा. भाडं, वीज, पिशव्या हे वेगळंच. जितकी विक्री जास्त तितका तोटा जास्त, आणि मी मात्र गर्दी बघून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची माफी मागितली. आईला मात्र सहा महिने काही सांगितलं नाही.

"टक्के कशाचे?"

पॉडकास्टवर हे सांगून झाल्यावर ताईंनी विचारलं, "तुम्ही बीबीएला हे शिकला होतात ना? मग चुकलात कसे?"

मी अडखळलो. परीक्षेत मार्कअप आणि मार्जिनचा फरक मी व्यवस्थित लिहिला होता. पण तिथे प्रश्नातच लिहिलेलं असायचं, नफा खरेदीवर काढा की विक्रीवर. दुकानात असं कुणी लिहून देत नाही. ताई म्हणाल्या, वर्गात मुलांचंही हेच होतं. 'टक्के' दिसले की बेरीज-वजाबाकी सुरू. टक्के *कशाचे*, हे विचारायचंच राहून जातं.

हाच आजच्या धड्याचा गाभा आहे. टक्का एकटा कधी येत नाही, तो कुठल्या तरी रकमेचा असतो. माझे ४० टक्के २०० चे होते आणि ३० टक्के २८० चे. दोन वेगळ्या रकमांचे टक्के एकमेकांतून वजा करायचे नसतात.

जीएसटीतही हाच घोटाळा होतो. समजा १८ टक्के जीएसटी धरून वस्तूची किंमत ५९० रुपये आहे. नवीन दुकानदार ५९० चे १८ टक्के काढतो आणि १०६ रुपये २० पैसे कर धरतो. चूक. कर मूळ किमतीवर लागलाय. ५९० ला १.१८ ने भागा, मूळ किंमत ५०० येते आणि कर ९० रुपये.

आजोबांची सवायकी कामाला आली

ताईंनी पुढे विचारलं, "हे दहावी नापास माणसाला सूत्राशिवाय कसं समजवाल?" तेव्हा मला आजोबा आठवले. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. १९५७ साली दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे १६ आणे होते, त्यामुळे पाव, निम्मं, पाऊण हा रोजचा बाजारहिशोब होता. टक्के आले आणि हे मागे पडलं. पण दुकानासाठी ती भाषा अजून सोपी आहे. बघा:

- खरेदीच्या सव्वापट किंमत लावली (२०० चे २५०), तर नफा विक्रीचा पाचवा हिस्सा. २० टक्के सूट दिली की नफा शून्य.
- दीडपट लावली (२०० चे ३००), तर नफा विक्रीचा तिसरा हिस्सा. साधारण ३३ टक्के सुटीला नफा शून्य.
- दुप्पट लावली (२०० चे ४००), तर नफा विक्रीच्या निम्मा. ५० टक्के सुटीला नफा शून्य.

या तीन ओळी गल्ल्यावर चिकटवा. सुटीचा बोर्ड रंगवायच्या आधी त्या वाचा.

उलटा हिशोब हवा असेल तर विक्री १०० धरा. विक्रीवर १० टक्के नफा हवाय, म्हणजे खरेदी ९० ला बसली पाहिजे. माझं दप्तर २०० चं, तर २०० भागिले ०.९, म्हणजे साधारण २२२ रुपये. आता मी सरळ २२५ ची चिठ्ठी लावतो. आधी किंमत फुगवायची आणि मग सूट दाखवायची, हा खेळ गिऱ्हाईक दोन वेळा खपवून घेतं, तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात जातं. आणि छापील एमआरपी असलेल्या मालाला ही सवलत नाही. तिथे एमआरपी हे छप्पर, त्याच्या वर विकायचं नाही. म्हणून तिथे हिशोब वरून खाली करायचा.

गल्ल्यावरचं गणित आणि फळ्यावरचं गणित

मग विषय निघाला त्या मदतनीस मुलीचा. ती दहावीला गणितात नापास झालेली. पण ३३७ रुपयांचं बिल आणि ५०० ची नोट दिली, तर मी कॅल्क्युलेटर उचलेपर्यंत ती सुटे मोजून देते. कसे? ती वजाबाकी करतच नाही. ३ घातले ३४०, ६० घातले ४००, १०० घातले ५००. झाले १६३. ताई म्हणाल्या, हे गणितच आहे, पण परीक्षेत तिला हातचा घेऊन उभी वजाबाकी मागितली.

घरी येऊन मी यावर थोडं वाचलं. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात २०१९ चे नोबेल मिळालेले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून जास्त मुलांना त्यांनी तपासलं. बाजारातले अवघड व्यवहार ही मुलं तोंडी करतात, पण पुस्तकी पद्धतीने मांडलेल्या गणितात अडतात. आणि ज्या मुलांनी फक्त शाळा पाहिली आहे, त्यांना पुस्तकातलं येतं पण बाजाराचा हिशोब जमत नाही. वाचताना वाटलं, ती मुलगी पहिल्या गटातली आणि मी दुसऱ्या! आपल्या धंद्याला दोन्ही हवेत. म्हणून आता मी तिला टक्केवारी शिकवतो आणि ती मला सुटे द्यायला.

एकोणसत्तर की एकोणऐंशी?

शेवटी संख्यांच्या नावांचा विषय आलाच. तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्या गणितज्ञ आणि 'गणितगप्पा'सारख्या पुस्तकांच्या लेखिका. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. मुद्दा साधा होता: ६३ लिहिताना आधी ६ येतो, बोलताना आधी 'त्रे' येतो, त्यात जोडाक्षरं, म्हणून लहान मूल गोंधळतं. कन्नड, तेलुगूत आधी दशकच बोलतात.

कोणती पद्धत चांगली, हे ठरवणारा मी कोण? पण दुकानदार म्हणून एक सांगतो. फोनवर ऑर्डर घेताना 'एकोणसत्तर'चं ७९ आणि 'पंचावन्न'चं ९५ झालेलं मी पाहिलंय. कोलशेतमध्ये आता जुन्या गावाशेजारी टॉवर उभे राहिलेत, फोनवर मराठी, हिंदी, गुजराती सगळं येतं. म्हणून आमचा नियम: रक्कम, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर एकेक अंक सुटा वाचून परत विचारायचा. "सहा-नऊ ना, काकू?" दोन सेकंद जातात, डिलिव्हरीची फेरी वाचते.

तुम्हाला पाहुणा म्हणून बोलावलं तर

१. ऐकणारे कोण, हे आधी विचारा. माझे श्रोते शिक्षक होते. त्यांना दुकानाचा पत्ता नको होता, वर्गात सांगता येईल असं उदाहरण हवं होतं.

२. एक चूक घेऊन जा, पण निस्तरलेली. चूक कशी सापडली आणि आता काय करता, हेही सांगा. नाहीतर ती नुसती रडकथा होते.

३. आकडे थोडे आणि सोपे ठेवा. ऐकणाऱ्यासमोर फळा नसतो. मी २००, ४० आणि ३० हे तीनच आकडे घेतले.

४. दुसऱ्याची चूक सांगताना नाव घेऊ नका. स्वतःची सांगताना लपवू नका.

५. आवाजाची सोय करा. आमच्या रस्त्यावर दिवसभर सिमेंटचे मिक्सर जातात. मी दुपारी दुकान बंद असताना मागच्या खोलीत बसलो, पंखा बंद केला, दाराला गोधडी लावली. घाम आला, पण आवाज स्वच्छ आला.

६. स्वतःबद्दल एकच वाक्य, तेही विचारलं तर. ती जाहिरातीची यादी मी खिशातून काढलीच नाही.

फायदा काय झाला? दुकानात रांग लागली नाही. पण एका शिक्षिकेने विचारलं, वर्गातली मुलं घेऊन दुकानात येऊ का, खरं बिल करायला. पुढच्या महिन्यात येतायत. आणि आईने तो भाग ऐकला. भिशीच्या पैशांचं काय झालं होतं, हे तिला तेव्हा कळलं. म्हणाली, "तेव्हाच विचारलं असतंस, तर मी बोटांवर करून दिलं असतं."

गृहपाठ: १५० रुपयांची वस्तू. ६० टक्के चढवले, मग ४० टक्के सूट दिली. हातात किती आले? आधी अंदाज लिहा, मग हिशोब करा. उत्तर १४४ आलं आणि ६ रुपयांचा तोटा दिसला, तर आता स्वतःच्या दुकानातली एक वस्तू घ्या आणि तसंच करा. कुठलाही टक्का लिहिण्याआधी शेजारी लिहा: कशाचे?

भेटू पुढच्या व्हिडिओत!