चौकीदार मुका का झाला?

प्रश्न : फाइलींवर पाळत ठेवणारी ‘चोकिदार’ ही नोड.जेएस लायब्ररी अद्ययावत केल्यापासून दप्तराच्या फोल्डरमध्ये नवी पीडीएफ आल्याची वर्दी मिळत नाही, त्रुटीसंदेशही नाही. उपाय सांगावा. — एक वाचक, कळमनुरी

उत्तर : आपल्या चौकीदार या शब्दावरूनच जिचे नामकरण झाले, त्या लायब्ररीच्या २०२४ मधील चौथ्या आवृत्तीने तारांकित नमुन्यांची सोय रद्द केल्यामुळे, ‘तारका-बिंदू-पीडीएफ’ हा आपण बहुधा दिलेला नमुना आता अक्षरशः त्याच नावाची फाइल मानला जातो, आणि तशी फाइल अस्तित्वातच नसल्याने पहारा निःशब्द राहतो. यास्तव फोल्डरचाच मार्ग द्यावा, व ‘इग्नोर्ड’ पर्यायात पीडीएफखेरीज इतर फाइली वगळणारे फंक्शन लिहावे. मात्र ‘ही फाइलच आहे’ ही खातरजमा त्यात अवश्य हवी, अन्यथा खुद्द फोल्डरच वगळले जाऊन सारी तजवीज व्यर्थ होते.